केंद्रकासकट

"मशीन आंधळं नसतं, पण चकणं असतं," मोठ्या बाई तिला म्हणाल्या होत्या. "पांढऱ्या पेशींच्या आकड्याशेजारी चांदणी उमटली की तो आकडा खरा धरायचा नाही. स्लाइड करायची, रंगवायची, आणि पांढऱ्या म्हणून मोजलेल्यांची तोंडं आपल्या डोळ्यांनी बघायची. नाहीतर एक दिवस चोर सोडून संन्याशाला सुळी देशील."

तिने मान डोलावली आणि ते वाक्य एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. मोठ्या बाई इस्पितळातल्या रक्ततपासणीच्या लॅबच्या प्रमुख, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांचा जीव सूक्ष्मदर्शकात अडकलेला. नवं मशीन एका थेंबातून दोन डझन आकडे ओकत असताना काचेवर रक्त फासत बसायचं, म्हणजे विजेचा पंखा असताना पुठ्ठ्याने वारा घेणं. लॅबमधल्या सगळ्याच पोरी हसायच्या. तीही हसली.

एरवी ती निष्काळजी मुळीच नव्हती. उलट काळजी हाच तिचा पिंड. लेक झाल्यापासून तर मन चिंती ते वैरी न चिंती अशी गत. घरातल्या सगळ्या प्लगना झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, द्राक्षाच्या चार फोडी. पोर झोपली की नाकाखाली बोट धरून बघायचं, श्वास लागला की हुश्श, आणि थोड्या वेळाने पुन्हा बोट. सव्वा वर्षाच्या त्या जीवाला जगात जे जे काही होऊ शकतं त्याची तिने मनातल्या मनात उजळणी करून ठेवली होती. फक्त खालच्या मजल्यावरून येणारा आवाज त्या उजळणीत नव्हता.

खालच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊ राहायचे, वर ही तिघं. दीर मुलांच्या शाळेत खेळाचे शिक्षक. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या पोराचा खांदा निखळला, की आधी मास्तर, मग डॉक्टर. माणसाच्या अंगात कुठला स्नायू कुठे बांधलाय हे त्यांना तोंडपाठ. बोट लावलं की दुखणं सापडायचं.

जाऊ म्हणजे मुलखाची बोलकी बाई. तिची मुलगी परगावी कॉलेजला गेली आणि हात रिकामे झाले, म्हणून धाकट्या जावेची पोर तिने आपणहून मागून घेतली. "तू जा रक्त प्यायला," ती म्हणायची, "मी बघते हिच्याकडे." सकाळी पोर खाली, संध्याकाळी वर. पाळणाघराची चौकशी करायची वेळच आली नाही. ती जावेला ताई म्हणायची, आणि मनात म्हणायची की आपल्या आईनेसुद्धा इतकं केलं नसतं.

आवाज यायचे. खुर्ची सरकायची, मग काहीतरी जड पडायचं, मग नळ सुटायचा आणि बराच वेळ वाहत राहायचा. मुलगी शिकायला गेल्यापासून ते वाढले होते. नवरा टीव्हीचा आवाज मोठा करायचा. दादा तापट आहे, लहानपणापासूनच, पण मनात काही नसतं त्याच्या, असं तो म्हणायचा. आपण मध्ये पडलो तर ताईंनाच जड जाईल, हेही म्हणायचा. तिला ते पटायचं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खालच्यांशी बिनसलं तर उद्या सकाळी पोर कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न दोघांच्याही पोटात होता आणि दोघांनीही तो ओठांवर आणला नव्हता.

एकदा जावेच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आणि गळून पडलं. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये तिचा हात असताना मास्तरांनी तो कमरेने ढकलून बंद केला होता आणि तसंच रेलून उभे राहिले होते, वर्तमानपत्र वाचत. हे पुढे कळलं. तेव्हा जाऊ हसत म्हणाली होती, "आमच्या ड्रॉवरला दात आलेत गं. तुझ्या पोरीच्या आधी."

आणि पोरीचीही एक गंमत होती. कुणी खुर्ची जोरात सरकवली की ती रांगत जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायची, भिंतीला पाठ लावून, अगदी गप्प. आईबापांना त्याचं कोण कौतुक. त्यांनी तिथे उशी ठेवली आणि तिचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. आमच्या राणीसाहेबांचं घर, असं खाली लिहून.

मग जाऊ फिकट दिसू लागली. आधी ओठ, मग तळहात. डावा खांदा दुखतो म्हणायची, अगदी टोकाला, रात्री आडवं झालं की जास्त. मास्तरांनी बोटं लावून बघितलं आणि स्नायू धरलाय असं निदान केलं. आपल्या हाताने पट्टा बांधून दिला, गरम पाण्याची पिशवी आणून दिली. जिन्यात भेटल्यावर तिला म्हणाले, "तुमची लेक वजनदार झालीय. कडेवर घेऊन घेऊन हिचा खांदा गेला." ती ओशाळली. त्या दिवशी येताना तिने जावेसाठी वेदनेवरचं मलम आणलं, आणि मलम देताना दोनदा माफी मागितली.

दुसऱ्याच दिवशी जाऊ भांड्यांपाशी चक्कर येऊन पडली. ती लॅबला निघता निघता खाली आली होती. तिने जावेला पलंगावर निजवलं आणि पिशवीतली सुई काढून तिथेच एक नळी रक्त घेतलं. लॅबमध्ये मशीनने आकडे काढले. हिमोग्लोबिन सातच्या खाली. पांढऱ्या पेशी जवळजवळ दुप्पट, आणि शेजारी चांदणी.

चांदणी तिला दिसली. पण घरी पोर दात येऊन किरकिरत होती, मागे नळ्यांची रांग लागली होती, आणि आकड्यांचा अर्थ तर सरळ होता. बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतंच, त्यात नवल नाही. पांढऱ्या वाढल्या म्हणजे कुठेतरी जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी तिने सांगितलं तेवढ्यावरून प्रतिजैविक आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवसांत उतार पडला नाही तर घेऊन या म्हणाले. तिला हायसं वाटलं. जंतूंना औषध असतं. जंतूंशी कुणाला भांडावं लागत नाही.

पण सकाळी तिने सवयीने जावेच्या काखेत पोरीचा थर्मामीटर लावला. ताप नव्हता. संध्याकाळचाही नव्हता, हे जावेने सांगितलं. अंग उलट गार लागत होतं, कपाळावर घाम, आणि मनगटाची नाडी चिमणीच्या काळजासारखी उडत होती. इतक्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि ताप नाही? तिच्या मनात कुसळ गेलं. तिने पुन्हा रक्त काढलं. "कालच घेतलंस की," जाऊ डोळे मिटून म्हणाली. "तुझ्यापेक्षा डास बरे. ते निदान गुणगुणतात तरी."

पोर नेहमीसारखी तिथेच सोडून ती कामावर गेली. मास्तरांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, मैदान बंद. ते घरीच होते, सोफ्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. ते असले की तिला उलट बरं वाटायचं. ताईंना काही झालं तर घरात माणूस आहे.

हिमोग्लोबिन आणखी उतरलं होतं. पांढऱ्या आणखी चढल्या होत्या. चांदणी होतीच. या वेळी तिने स्लाइड केली. थेंब ठेवला, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढला, सुकवला, रंगवला, धुतला, आणि सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्यावर डोळा ठेवला.

निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी ओळखायला सोप्या. मधोमध अंगठ्याने दाबलेल्या मातीच्या गोळ्यासारख्या. कडेला गडद, मध्ये फिकट, आणि आत काही नाही. केंद्रक नाही. बेडकाच्या पेशीत असतं, कोंबडीच्या असतं, माशाच्याही. पिल्लाला दूध पाजणाऱ्या प्राण्यांनीच तेवढा हा उद्योग केला. कॉलेजात तिने त्यावर पान भरून उत्तर लिहिलं होतं: हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून, आणि स्वतःपेक्षा बारीक नळ्यांमधून अंग दुमडून जाता यावं म्हणून. परीक्षेत ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो कत्तलखाना आहे. हाडाच्या मगजात एका दाईपेशीभोवती कोवळ्या पेशी दाटीने चिकटून असतात. वेळ भरली की त्यांतली एकेक आखडते, आपलं केंद्रक एका बाजूला रेटते, कमरेत आवळून तोडते आणि बाहेर फेकते. दाई ते तिथल्या तिथे गिळून टाकते. त्यानंतर ती पेशी दुभंगू शकत नाही, फाटली तर स्वतःला शिवू शकत नाही. चार महिने नुसती वाहत राहते, भिंतींवर आपटत, दुमडत, सगळ्यांचा प्राणवायू पाठीवर घेऊन, आणि त्यातला घासभरही स्वतः खात नाही. झिजली की पाणथरी, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, तिला गाळून मोडीत काढते.

हे सगळं मगजाच्या आत व्हायचं असतं, दार लावून. केंद्रक टाकल्याशिवाय पेशीला बाहेर सोडत नाहीत.

आणि जावेच्या रक्तात त्या बाहेर आल्या होत्या. केंद्रकासकट. शाईचा गच्च थेंब आणि भोवती राखाडी-गुलाबी झगा. एक दिसली, तिने काच सरकवली, पुढे तीन. पुन्हा सरकवली, पुन्हा. मशीनची चूक आता तिला लख्ख दिसली. मशीन पांढऱ्या पेशी मोजताना आधी असं औषध ओततं की सगळ्या तांबड्या फुटून जाव्यात, आणि मग उरलेली केंद्रकं मोजतं. त्याचा प्रश्न एकच: केंद्रक आहे का? आहे, मग तू पांढरी. या कोवळ्या तांबड्या फुटल्या, त्यांची केंद्रकं मागे उरली, आणि मशीनने त्यांना शिपाई समजून मोजलं. जिथून रक्त वाहून चाललं होतं तिथे ते सांगत होतं की फौज वाढली आहे.

मगज असं कधी करतं? घराला आग लागली की लोक पोरंबाळं अंगावरच्या कपड्यांनिशी खिडकीतून खाली टाकतात, तेव्हा. कुठूनतरी भडाभडा रक्त जात असतं आणि वेळ भरण्याची वाट बघायला सवड नसते.

पण ताईंचं रक्त कुठे जात होतं? जखम नाही, उलटी नाही. बाहेर नाही तर आत. पोटात. डाव्या खांद्याचं टोक, आडवं झाल्यावर जास्त. पोटात वरच्या बाजूला रक्त साचलं की ते श्वासपटलाला डिवचतं, आणि दुखतं मात्र खांद्यात. हे तिने कधीतरी वाचलं होतं आणि विसरली होती. पाणथरी. आणि पाणथरी काही पोर कडेवर घेऊन फुटत नाही.

खुर्ची सरकायची. मग काहीतरी जड पडायचं.

मग तिला टेबलाखालची उशी आठवली, आणि तिने मोठ्या बाईंना हाक मारली.

मोठ्या बाईंनी एकदा डोळा लावला आणि कुणाचं म्हणून विचारलं. जावेचं, ती म्हणाली. फोन उचलून बाईंनी आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना गाठलं, मग रक्तपेढीला, मग अँब्युलन्सला.

तिने जावेला फोन लावला. मास्तरांनी घेतला. ती झोपलीय, ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, थोडी धाप लागलेली. मागे पोर रडत नव्हती. एक आवाज नव्हता. ती कधी गप्प बसते हे आता तिच्या आईला कळलं होतं.

अँब्युलन्सच्या चालकाला सगळे पायलट म्हणत. अगडबंब देह, तोंडात कायम काहीतरी चघळत असलेला. वाटेत तिच्याकडे बघून तो म्हणाला की बाई, पेशंट तुम्ही आहात की आणायचाय? तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने चघळायचं थांबवलं आणि गाडी दामटली.

मास्तरांनी दार वीतभर उघडलं. कपाळावर घाम, बाह्या वर सरलेल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्यामागच्या पायलटकडे, आणि दार लावून घ्यायला लागले. तिने फटीत हात घातला. त्यांना तो दिसला. दिसल्यावर त्यांनी खांदा लावून दार रेटलं. हाडं मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, दुखलं नंतर. ओल्या काटक्या पायाखाली याव्यात तसा आवाज. पायलटने तिला बाजूला सारलं आणि सगळं वजन दारावर टाकलं. दार उघडलं ते मास्तरांच्या तोंडावर.

ड्रॉवर बाहेर उपसून फेकलेला, चमचे जमिनीभर. जाऊ सिंकखाली पोट आवळून मुडपून पडली होती, चेहरा ओल्या चुन्याच्या भिंतीसारखा. मागाहून कळलं, तिने फक्त एवढंच म्हटलं होतं की जरा पोटाचा फोटो काढून आणते. टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, पोर बसली होती. तोंडात मूठ. डोळे उघडे. आईला बघूनही ती हलली नाही.

मास्तरांनी पायलटच्या नाकावर एकच ठोसा मारला, नेमका, शिकवतात तसा. पायलट खाली बसला आणि त्याच्या शर्टाचा पुढचा भाग लाल झाला. मग त्यांनी तिचा गळा पकडून तिला फ्रिजवर दाबलं. फार जोर न लावता. कुठे दाबायचं ते त्यांना माहीत होतं. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले.

"खांदा धरलाय तिचा," ते म्हणाले. "मी बघितलंय. घरातल्या गोष्टी घरात ठेवायच्या. समजलं?"

"पोटात रक्त साचलंय त्यांच्या," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टर विचारतील. लाथ कुठे मारली होती तुम्ही?"

"लाथ नव्हती," मास्तर म्हणाले. "गुडघा होता."

आयुष्यभर पोरांना चुका सुधारून सांगितलेला माणूस. तंत्राची चूक त्यांना सहन होत नसे, आणि तोंडून ते सवयीने निघून गेलं. पायलटने रक्ताळलेलं तोंड वर केलं. मास्तरांच्या स्वतःच्या कानांनीही ते ऐकलं असावं, कारण त्यांची पकड सैलावली.

तिच्या डाव्या हाताला शेगडीवरचं दांड्याचं, जाड बुडाचं पातेलं लागलं. पोरीसाठी त्यात दूध तापवलेलं. तिने ते दुधासकट उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच गुडघ्यावर घातलं. मास्तर कोसळले. ती थांबली नाही. दुसऱ्यांदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. दूध सांडलं, चमचे उडाले, गुडघ्याच्या वाटीतलं काहीतरी आत सरकल्याचं पातेल्याच्या दांड्यातून तिच्या तळव्याला कळलं, आणि ते कळल्यावर तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं ती आजही कुणाला सांगत नाही. पायलटने मागून मनगट धरलं नसतं तर पुढचा घाव डोक्यात होता.

"बास," तो म्हणाला. "ताईला उचलायचंय."

अँब्युलन्समध्ये जावेने एकदाच डोळे उघडले. पोर आईच्या मांडीवर होती आणि आईचा उजवा हात तिच्या शेजारी लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

"तिला काही नाही केलं हं त्याने," जाऊ म्हणाली. "कधीच नाही. खुर्ची सरकवली की मी आधी तिला टेबलाखाली सारायचे. मग त्याच्याकडे वळायचे. शहाणी आहे, पटकन शिकली." तिने पोरीचा पाय धरला. "सांगायचं होतं तुला. पण तू पोर आणणं बंद केलं असतंस. मग दिवसभर मी काय केलं असतं?"

नाडी बोटाखालून निसटत होती.

पोट उघडलं तेव्हा रक्त टेबलावरून खाली आलं, डॉक्टरांच्या बुटांत गेलं. पाणथरी दोन तुकडे होऊन बसली होती. आठवडाभर झिरपत असेल, आणि सकाळच्या माराने पुरती फाटली. ती काढून टाकली. बरगड्यांवर वळ एकावर एक होते, पिवळ्यावर हिरवे, हिरव्यावर जांभळे, जुन्या भिंतीवर रंगाचे थर असावेत तसे. सगळे कपड्यांच्या आत. चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. अनोळखी माणसांच्या रक्ताच्या पिशव्या एकामागून एक चढल्या, आणि जाऊ जगली.

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, संध्याकाळी आला आणि जिन्यात बसून राहिला. तिच्या हाताला तोवर प्लास्टर बसलं होतं.

"तुला ऐकू येत होतं," ती त्याला म्हणाली.

"तुलाही," तो म्हणाला.

पोर त्यांच्यामध्ये झोपली होती. कुठेतरी दार आपटलं तशी ती झोपेतच दचकली आणि अंग चोरून भिंतीकडे सरकली.

पोलीसबाई दुसऱ्या दिवशी जावेच्या खाटेपाशी आल्या. तेव्हा मास्तर शेजारी बसले होते. पायलटला आणि तिला मारल्याबद्दल रात्री धरले होते, जामिनावर सुटून थेट आलेले, अंघोळ करून, केस विंचरून, गुडघ्याला पट्टी, हातात काठी. "मी पडले," जाऊ म्हणाली. पोलीसबाईंनी ते लिहून घेतलं. पायलटने आपलं सांगितलं, तिने आपलं सांगितलं, डॉक्टरांनी वळांबद्दल लिहून दिलं; पण जिच्या अंगावर झालं तिचं म्हणणं एवढंच, की मी पडले. ती बरी झाली की पुन्हा विचारू, पोलीसबाई म्हणाल्या, आणि जाता जाता मास्तरांच्या काठीकडे बघून त्यांना जपायला सांगून गेल्या.

पेशंटजवळ बसायचा पास नवऱ्याच्या नावावर निघतो, हा तिथला नियम. पास मास्तरांच्या खिशात आहे. तक्रार केली, अर्ज दिला, वरिष्ठांना विचारून बघू म्हणालेत. तोवर ते रोज येतात. सफरचंद सोलतात, पातळ काप करतात, तिला भरवतात. पायाचं इतकं असूनही बायकोसाठी जीव टाकतो, असं परिचारिका आपसात म्हणतात. जाऊ तोंड उघडते आणि गिळते.

ते एकदा औषध आणायला गेले तेवढ्यात तिने जावेला गाठलं. जाऊ पुटपुटली की तिला सांगायचंय सगळं, ड्रॉवरपासून. पण तो समोर असला की जीभ टाळ्याला चिकटते. दुसरं कुणीही शेजारी असलं तर सुटेल. कुणीही चालेल.

सकाळी धाकटा बसतो. नियमाने नाही, दांडगाईने. भावाने डोळे वटारले तरी आता उठत नाही. संध्याकाळी ड्यूटी संपली की पायलट येतो, सुजलेलं नाक घेऊन, आणि खाटेशी चघळत उभा राहतो. मोठ्या बाई जेवणाच्या सुट्टीत डोकावतात. राहते ती दुपार. तिला पोर घेऊन वॉर्डात सोडत नाहीत, आणि पोर ठेवायला आता खालचा मजला नाही. एका हाताने ती कशीबशी भरवते, निजवते, नाकाखाली बोट धरते, आणि मग फोन घेऊन बसते. ज्याचा नंबर सापडेल त्याला विचारते: आज तिकडे जाणार आहात का? वर्गातल्या जुन्या मैत्रिणींना विचारून झालं. गल्लीतल्यांना विचारून झालं. त्यांच्या पोरांचे पाय मास्तरांनी बसवलेत, ते बघू म्हणतात.

म्हणून तुम्हालाही विचारायचं आहे. दुपारी त्या बाजूने जाणार असाल, तर बायकांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात जरा डोकवा. खिडकीजवळची खाट, फिकट बाई, डाव्या बाजूला बसायची खुर्ची. पोलीसबाई पुन्हा येणार आहेत, कधी ते सांगितलेलं नाही. ओळख नसली तरी चालेल. काही बोलायलाही नको. खुर्चीवर कोण बसलंय तेवढं बघा. आणि रिकामी असेल, तर बसा.